खालून 'गुड मॉर्निंग सर', वरून फक्त अंगठा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी एक स्क्रीनशॉट टाकतं आणि तोच वाद परत पेटतो. नुकत्याच लागलेल्या एखाद्या पोराने वरच्या साहेबांना 'हाय, फाइल पाठवलीय, बघून घ्या' एवढंच लिहिलेलं असतं, सर नाही, मॅडम नाही, गुड मॉर्निंग तर नाहीच नाही. मग खाली दोन टोळ्या जमतात. एक म्हणते आजकालच्या पोरांना संस्कारच नाहीत, आमच्या वेळी साहेबांच्या केबिनबाहेर पंधरा मिनिटं उभं राहायचो. दुसरी म्हणते काका शांत व्हा, कामाचं बोला, तुमच्या गुलाबाच्या फुलांच्या सुप्रभातने आमचे फोन भरलेत. दोन्हीकडून शेकड्याने कॉमेंट पडतात आणि चार दिवसांनी सगळं थंड. मला हा वाद अत्यंत वाईट पद्धतीने घातला जातोय असं वाटतं, कारण नमस्कार किती लांब असावा आणि सर म्हणावं का नावाने हाक मारावी यावरच सगळे अडकलेत. त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारतच नाही, तो म्हणजे नमस्कार परत येतो का? ज्या ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी खालून चाळीस 'गुड मॉर्निंग सर' जातात आणि वरून एक अंगठा येतो, कधी तोही नाही, तिथे जे चाललंय त्याला मी शिष्टाचार म्हणणार नाही, ती हजेरी आहे. आणि म्हणून या सगळ्यात कुणी बदलायचं असेल तर ते आधी वरच्याने बदलायचं, नव्याने लागलेल्या पोराने नाही.

आता 'नो हॅलो'वाल्यांचं, म्हणजे नुसतं हाय-हॅलो नको, पहिल्याच मेसेजात कामाचं लिहा म्हणणाऱ्या दुसऱ्या टोळीचं, जे खरं आहे ते आधी मान्य करून टाकते. नुसतं 'हाय' पाठवून गप्प बसणं हा खरोखर छळ आहे. समोरच्याने हातातलं काम सोडून 'हाय, बोला' लिहायचं, मग वर 'टायपिंग' दिसत राहणार, मग ते बंद होणार, मग 'कसे आहात', आणि दहा मिनिटांनी कळणार की त्यांना एका एक्सेल शीटची लिंक हवी होती. पहिल्याच मेसेजात 'नमस्कार, अमुक शीटची लिंक पाठवता का' एवढं लिहिलं असतं तर दोघांचं काम झालं असतं. यात वाद नाही. पण हे सांगताना ही मंडळी एक गोष्ट सोडून देतात. खालच्याचा नुसता 'हाय सर' आणि वरच्याचा नुसता 'हाय' ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. खालचा 'हाय सर' लिहून थांबतो कारण तो विचारतोय की आत येऊ का, आत्ता बोललेलं चालेल का, त्याला भीती आहे. आणि रात्री साडेदहाला साहेबांचा नुसता 'हाय' येतो तेव्हा ते बोलावणं असतं, आणि का बोलावलंय हे न सांगता, म्हणजे ज्याला तो येतो त्याच्या पोटात गोळा. एकाच शब्दावर दोघांनाही सारखंच झापणारा नियम मला अर्धवट वाटतो.

आणि मेसेज आखूड असला म्हणजे उद्धट झाला हे संस्कारवाल्यांचं म्हणणं तर इतिहासालाच धरून नाही. आपल्याकडे दीडशेहून जास्त वर्षं तार होती, २०१३ च्या जुलैत ती बंद झाली. तारेत शब्दाला पैसे पडायचे म्हणून तीर्थरूप, साष्टांग, विनंती विशेष सगळं गळून जायचं आणि 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' एवढंच यायचं. कुणी म्हटलं का की तार करणारा असंस्कृत? सणावाराच्या शुभेच्छांसाठी तर तारखात्याने तयार वाक्यांना नंबर देऊन ठेवले होते, नंबर सांगितला की ठराविक शुभेच्छा पोचायची. आजचा हात जोडलेला इमोजी त्याहून वेगळा काय आहे? साधन बदललं की नमस्काराची लांबी बदलतेच.

बरं, मग संस्कारवाल्यांकडे काहीच नाही का? आहे, आणि त्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा ते स्वतः नीट मांडत नाहीत म्हणून मीच मांडते. लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो. 'हे परत करा' हे वाक्य हसत म्हटलं तर एक, कपाळाला आठी घालून म्हटलं तर दुसरं, आणि स्क्रीनवर ते नेहमी आठीसकट वाचलं जातं. आधी दोन शब्द माणसासारखे असतील तर पुढचं वाक्य कमी बोचतं. आपल्या जुन्या पत्रांचा मायना हेच काम करायचा. 'ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.', म्हणजे तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, लिहिलं की पुढे पैसे मागितले तरी चालायचे. पण आजी-आजोबांच्या ट्रंकेतली पत्रं काढून बघा, दोन्ही बाजूंची. मुलगा साष्टांग नमस्कार लिहायचा आणि बाप उलट 'चिरंजीव अमुक यास अनेक उत्तम आशीर्वाद' लिहायचा. लिहायचाच. कितीही रागात असला, पोरगा नापास झाला असला तरी आधी आशीर्वाद आणि मग खरडपट्टी. नातं उघडउघड वर-खाली होतं, त्यात समानता शोधायला जाऊ नये, पण वरच्यालाही मायना होता आणि तो चुकवायची सोय नव्हती. जुन्या पद्धतीचा एवढा अभिमान असणाऱ्या साहेबांना माझा साधा प्रश्न आहे की त्या पद्धतीतला तुमच्या वाट्याचा अर्धा भाग कुठे गेला? साष्टांग तेवढा ठेवला आणि आशीर्वादाच्या जागी निळी टिक?

शिवाय 'आपली परंपरा' म्हणून जे सांगितलं जातं ते इतकं निरागस कधीच नव्हतं. पेशवाईतल्या कारकुनाला कुणाला 'राजमान्य राजश्री' लिहायचं, कुणाला त्याच्याही आधी 'अखंडित लक्ष्मी अलंकृत' जोडायचं, कुणाला नमस्कार, कुणाला आशीर्वाद, कुणाला रामराम, कुणाला दंडवत, हे सगळं पाठ असावं लागायचं आणि त्यात हुद्द्याइतकीच जात मोजली जायची. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १७७९ चं आहे. मुंबईतले सोनार एकमेकांना आणि इतरांना 'नमस्कार' करतात, तो त्यांचा अधिकार नाही, अशी ब्राह्मणांची तक्रार होती, आणि पेशव्यांकडून मुंबईच्या गव्हर्नरला यावर एकदा नाही तर अनेकदा पत्रं गेली. शेवटी त्याच साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने ठराव करून सोनारांना 'नमस्कार' घालायला मनाई केली. आता हे साल लक्षात घ्या. त्याच जानेवारीत वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेचा सपशेल पराभव केला होता, इंग्रज-मराठे युद्ध संपलेलं नव्हतं, आणि असल्या दिवसांत ही दोन सरकारं आपसात लिहितायत कशावर तर सोनाराने हात जोडून काय म्हणावं यावर! ज्यांना वाटतं की नमस्कार-चमत्कार हा किरकोळ विषय आहे, यावर लेख काय लिहायचे, त्यांनी हा ठराव डोळ्यासमोर ठेवावा. राज्यकर्त्यांना तो कधीच किरकोळ वाटलेला नाही.

आपल्या काळातही वाटत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढला की सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावं. मंत्री होते सुधीर मुनगंटीवार, सक्ती नाही असं सांगितलं गेलं, आणि मग जो काही गदारोळ झाला तो देशभक्ती विरुद्ध धर्म या ठरलेल्या रुळावरून गेला. टीव्हीवर आठवडाभर तेच. त्यात मला एकाही चर्चेत हे ऐकू आलं नाही की बाबा, फोन उचलणाऱ्या कारकुनाने काय म्हणावं ते ठरवलंत, पण खिडकीबाहेर सकाळपासून उभ्या असलेल्या माणसाला आतून आधी कोण काय म्हणणार आहे? तो तर 'साहेब, ओ साहेब' करत असतो. त्याने अर्ज लिहायचा तोही 'माननीय महोदय'ने सुरू करून 'आपला नम्र'ने संपवायचा, शाळेतच आपल्याला 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' गिरवून घेतलेलं असतं ना. केरळात पालक्काड जिल्ह्यातल्या माथूर ग्रामपंचायतीने २०२१ मध्ये ठरवलं की आमच्या कार्यालयात येणाऱ्या लोकांनी सर-मॅडम म्हणायची गरज नाही, नावाने किंवा पदाने हाक मारा. गावची पंचायत, पण प्रश्न बरोबर पकडला. ज्याच्या हातात दाखला आहे त्याने स्वतःहून 'माझ्यापुढे वाकू नका' म्हणायचं.

इथे कुणीतरी म्हणेल की शब्दच वाईट आहेत, सर म्हणजे इंग्रजांची गुलामी, ते टाकून आपलं काहीतरी घ्या. मला हे पटत नाही. शब्द कुठलाही घ्या, दिशा बघा. 'जोहार' घ्या. गावगाड्यात महाराने पाटलाला, कुलकर्ण्याला जोहार घालायचा आणि उलटा जोहार कधी यायचा नाही, म्हणून तो अपमान होता. तोच जोहार आज आदिवासी भागात लोक एकमेकांना अभिमानाने घालतात. शब्द तोच, पण इथे उत्तर येतं. आणि 'जय भीम' बघा, कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी १९३० च्या दशकात तो रूढ केला असं मानतात. त्याचा जोर कशात आहे? 'जय भीम' म्हटलं की उत्तर 'जय भीम'च. कलेक्टरने म्हटलं तरी तेच आणि सफाई कामगाराने म्हटलं तरी तेच, वर कोण खाली कोण हे त्या दोन शब्दांतून ओळखताच येत नाही. रामरामचंही तसंच. पोलिसांचं 'जय हिंद सर' मात्र गमतीशीर आहे, पहिले दोन शब्द दोन्ही बाजूंनी सारखे जातात आणि तिसरा एकाच बाजूने.

वारीचं उदाहरण तर सगळ्यात भारी, आणि सगळ्यात अडचणीचंही. वारकरी एकमेकांना माऊली म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात, दोघंही वाकतात, वय बघत नाहीत. नमस्कार परत यावा या माझ्या मुद्द्याला याहून चांगला दाखला मिळणार नाही. पण याच परंपरेतल्या विठोबाच्या देवळात दलितांना प्रवेश मिळायला १९४७ साल उजाडावं लागलं आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. म्हणजे चंद्रभागेच्या वाळवंटात सगळे माऊली आणि दारात गेलं की जात. तेव्हा कुणी म्हणालं की नमस्कार दोन्ही बाजूंनी केल्याने समता येत नाही, तर बरोबर आहे, येत नाही. मी तसा दावा करतच नाहीये. दावा एवढाच की जिथे नमस्कारसुद्धा परत येत नाही तिथे बाकीचं काय परत येणार? ऑफिसात ज्या साहेबाला 'नमस्कार' लिहायला जड जातं तो तुमची चूक नसताना वरच्यापुढे तुमची बाजू घेईल ही आशा जरा जास्तच आहे.

नावाने हाक मारणाऱ्या कंपन्यांचं बोलू. हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत सगळीकडे जॉइनिंगच्या दिवशी सांगतात की इथे सर-मॅडम नाही, आम्ही एक फॅमिली आहोत, सीईओलासुद्धा नावाने हाक मारा. ऐकायला छान. पण याला जे लोक ढोंग म्हणतात त्यांचं बरंचसं खरं आहे. नावाने हाक मारली म्हणून अप्रेझलमध्ये रेटिंग नावाने होत नाही, ते वरूनच होतं. नोकरीवरून काढल्याच्या ईमेलचीही सुरुवात 'हाय' आणि पहिल्या नावानेच असते. उलट सर म्हणायच्या जागी निदान कळतं तरी की कोण कोणाचं काय वाकडं करू शकतो, इथे ते गोड बोलण्याखाली झाकलेलं असतं. आणि दुसरी गोष्ट, जी पुण्या-मुंबईत वाढलेल्यांच्या लक्षातच येत नाही. उदगीरहून, गडचिरोलीहून घरातली पहिली पदवी घेऊन आलेल्या पोराला पन्नाशीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे तोंडातून शब्दच फुटत नाही. त्याच्यासाठी 'सर' हा आडोसा आहे, तो म्हटला की आपण चुकणार नाही एवढी खात्री असते. त्याला जबरदस्तीने 'कॉल मी विक्रम' म्हणायला लावणं ही पण एक प्रकारची सत्ताच आहे की. कॉन्व्हेंटमधल्यांना ते सहज येतं आणि त्यामुळे तेच जास्त 'कॉन्फिडंट' ठरतात. म्हणून सर-मॅडमवर सरसकट बंदीच्या मी विरोधात आहे. त्याला म्हणू दे सर. फक्त साहेबांनीही त्याला 'ए अरे' न करता 'तुम्ही' म्हणावं, बस.

स्वीडनचं उदाहरण या वादात नेहमी अर्धवट येतं म्हणून नीट सांगते. तिथे १९६० च्या दशकापर्यंत समोरच्याला सरळ सर्वनामाने बोलायची मोठी पंचाईत होती. हुद्दा लावून तृतीय पुरुषी बोलायचं, म्हणजे खुद्द डॉक्टरलाच विचारायचं की डॉक्टरसाहेब कॉफी घेणार का, आणि हुद्दा माहीत नसला तर 'कॉफी हवीय का' अशी बिनकर्त्याची वाक्यं फिरवायची. (हसू नका, आपणही तेच करतो. 'कधी येणं होणार', 'फाइल बघून झाली का', तू का तुम्ही कळेना की कर्ताच गायब करायचा, आणि अगदीच अडलं तर मराठी सोडून इंग्रजीत टाइप करायचं. दोन मराठी माणसं इंग्रजीत चॅट करत असतील तर त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.) तर १९६७ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य खात्याच्या प्रमुखपदी आलेल्या ब्रोर रेक्सेड यांनी जाहीर केलं की मी इथे सगळ्यांना 'दू' म्हणजे तू म्हणणार आणि तुम्हीही मला तसंच म्हणा. बदलाचं वारं आधीच वाहत होतं, पण त्याला नाव मिळालं ते या माणसाचं. यात आपल्या कंपन्या काय विसरतात? एक तर सुरुवात सर्वात वरच्या खुर्चीने केली आणि स्वतःपासून केली. दुसरं, तिथे मागे भक्कम कामगार संघटना होत्या, 'तू' म्हणणाऱ्या माणसाला काढून टाकणं सोपं नव्हतं. आपण त्यातला नावाने हाक मारायचा भाग तेवढा उचलला, बाकीचं सीमाशुल्कात अडकलं बहुतेक.

वरून सुरुवात व्हायला हवी हे मी इतकं का घोकतेय याला आपल्या घरचेच दोन पुरावे आहेत. बार कौन्सिलने २००६ मध्ये नियम केला की न्यायाधीशांना 'माय लॉर्ड' म्हणायचं कारण नाही, 'युअर ऑनर' म्हणा, खालच्या कोर्टात 'सर' म्हणा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की माय लॉर्ड सक्तीचं नाही, आदराने बोला म्हणजे झालं. आणि आज कोर्टात जाऊन बघा, 'माय लॉर्ड'च चालू आहे. का? कारण सवलत दिली पण जोखीम वकिलावरच ठेवली. ज्याच्या अशिलाचा जामीन समोरच्या माणसाच्या हातात आहे तो कशाला हा प्रयोग स्वतःवर करेल? आता याच्यासमोर २०१२ ठेवा. प्रणव मुखर्जी राष्ट्रपती झाल्यावर त्यांच्या कार्यालयानेच ठरवलं की देशातल्या कार्यक्रमांत 'हिज एक्सलन्सी', 'महामहिम' नको, 'राष्ट्रपती महोदय' पुरे. इथे खालच्याने घ्यायची जोखीमच उरली नाही. ज्याला तो मान मिळतो त्याने स्वतः सोडला तरच तो सुटतो. 'तुम्हाला हवं ते म्हणा, माझं काही नाही' असं म्हणणारे बॉस फार उदार वाटतात, पण त्या वाक्यात सगळा धोका समोरच्याच्या गळ्यात असतो.

आणि ही दिशा फक्त साहेब आणि नोकर एवढीच नाही, बाकीही खूप काही या हाकांमधून कळतं. कुठल्याही सरकारी किंवा शाळेच्या ग्रुपवर बघा, पुरुष 'पाटील सर', 'जाधव सर' आणि बायका 'स्वाती मॅडम', 'वैशाली मॅडम'. पुरुषाला आडनाव, बाईला पहिलं नाव, हुद्दा एकच असला तरी. विचारलं तर सांगतात की लग्नानंतर आडनाव बदलतं म्हणून, गोंधळ नको. वा! मुख्याध्यापिका होऊन दहा वर्षं झालेल्या बाईच्याही लग्नाचाच हिशोब. काहींना तर 'डिअर' येतं, ते 'डिअर सर' म्हणून कधी जात नाही, ते फक्त आम्हालाच आणि तेही नुसतं, पुढे नाव नाही. वर नवऱ्यावरून ठरणारी ती सौ. आणि गं. भा. ची भानगड, २०२३ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढांनी विधवा या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरायचा प्रस्ताव पुढे आणला आणि टीका झाल्यावर असा निर्णय झालेलाच नाही असं सांगावं लागलं. सन्मान देतोय म्हणत एखाद्याच्या नावाला काय चिकटवायचं हे त्याला न विचारता ठरवलं जातं तेव्हा तो सन्मान नेहमी खालीच चिकटवला जातो, कधी ऐकलंय विधुर मंत्र्याच्या नावामागे काय लावायचं यावर बैठक झाली?

मामा आणि मावशी हा तर माझा खास राग. नात्याने हाक मारणं ही आपली ऊब आहे असं आपण मोठ्या प्रेमाने सांगतो. शिपाई मामा, आयाबाई मावशी, अंगणवाडीच्या ताई, आशाताई. पण नीट बघा की ही नाती कुठल्या मजल्यापर्यंत चढतात. डायरेक्टरला कुणी मामा म्हणतं का? एचआरच्या हेडला मावशी? पगार एका पातळीच्या वर गेला की नातं संपतं आणि सर सुरू होतं. मग मामांना पंचवीस वर्षं झाली तरी त्यांचं नाव ग्रुपवर कुणाला माहीत नसतं, निरोप समारंभाच्या बॅनरवर लिहायचं म्हणून आदल्या दिवशी विचारलं जातं. यावर कुणी म्हणतं की त्यांना स्वतःला मामाच आवडतं, आणि खरंय, काहींना आवडतंही, त्यांना सर म्हटलं तर ते संकोचतात. ठीक आहे, मग त्यांना विचारा, आणि जे सांगतील ते म्हणा. एवढं विचारायला पंचवीस वर्षं लागू नयेत. आणि ते तुम्हाला 'साहेब' म्हणत असतील तर त्यांना 'ए मामा' नाही, 'अहो मामा'. मराठीने दिलेला हा 'अहो' एवढा स्वस्त आहे की त्याची कंजुषी कळतच नाही मला.

वेळेचाही मुद्दा यातच येतो. रविवारी दुपारी 'सॉरी टू डिस्टर्ब, हॅपी संडे' असं गोड लिहून खाली तीन कामं टाकणारा माणूस सभ्य, आणि सोमवारी दहाला 'हे आज हवंय' लिहिणारा उद्धट? सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक मांडलं होतं, खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचंही झालं, कायदा काही झाला नाही. पण ते आणणाऱ्यांना निदान हे कळलं होतं की मेसेज केव्हा आलाय यात जेवढा आदर असतो तेवढा तो कसा सुरू झालाय यात नसतो.

शेवटचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो बरेच सज्जन अधिकारीही घेतात. ते म्हणतात, अहो माझ्या ग्रुपवर दोनशे लोक आहेत, रोज सकाळी दोनशे गुड मॉर्निंगला मी उत्तरं देत बसलो तर काम कधी करू? बरोबर आहे, नका देऊ. पण मग ते दोनशे येणं थांबवा. तुमच्याशिवाय ते कुणी थांबवू शकत नाही, कारण एकशेनव्व्याण्णव जण पाठवत असताना दोनशेवा गप्प बसला तर तो मनातून घाबरलेला असतो की साहेबांच्या लक्षात आलं तर. उत्तर द्यायला जमत नसेल तर लोकांना त्यातून मोकळं करा, एक ओळ लिहा की या ग्रुपवर सुप्रभात, अभिनंदन, वाढदिवस नकोत, कुणी न पाठवल्याचं मला वाईट वाटणार नाही. आणि पुढच्या वेळी काम सांगताना तुमच्या मेसेजच्या सुरुवातीला स्वतःच 'नमस्कार' लिहा, ज्याने फाइल वेळेत दिली त्याला अंगठ्याऐवजी 'मिळाली, धन्यवाद' लिहा, दोन शब्द आहेत. ईमेल एटिकेटचं ट्रेनिंग दरवर्षी फ्रेशर्सनाच का असतं, मॅनेजरांना का नाही, हेही एकदा एचआरला विचारा. ग्रुपवर असा मेसेज टाकलेले अधिकारी आहेत, अगदीच नाहीत असं नाही. त्या मेसेजखालीही 'नोटेड सर', 'ओके सर', 'व्हेरी नाइस थॉट सर' अशी शंभर-दीडशेची रांग लागते. लागू द्यावी, दोन दिवसांनी थांबते.